विहीर आटली आहे

९ ऑक्टोबर
बोताकानने विसाव्या मिनिटाला कोणता मूर्खपणा करायचा, ते आज एकदाचं ठरलं. तीन आठवडे यातच गेले.

बोताकान हे आमच्या नव्या अ‍ॅनिमेशन चित्रपटातलं उंटाचं पिल्लू. तांडा वाळवंटातून निघाला आहे. पुढच्या मुक्कामाची विहीर आटली आहे हे फक्त बोताकानला कळतं आणि ते कुणालाच सांगत नाही. थकलेल्या तांड्याचा धीर खचेल म्हणून एकटंच दुसरं पाणी शोधायला निघून जातं. तांडा कोरड्या विहिरीकडे चालत राहतो.

"पण अपा, इतकं बिनडोक कोण असतं?" सान्झार मला म्हणाला; थोरल्या बाईला आपल्यात अपाच म्हणतात. स्टुडिओ त्याचा. वय चौतीस, अजून त्याला वाटतं की नायक हुशार असावा.

मी त्याला सांगितलं, बत्तीस वर्षं मी अल्माटीत बसून लहान मुलांच्या चित्रपटांच्या पटकथा दुरुस्त करते आहे. नायक शहाणा निघाला की खेळ खलास. उघडू नको म्हटलेलं दार ते उघडतात. गोडबोल्या कोल्ह्यावर विश्वास टाकतात. लाज वाटली की घर सोडून पळतात. पण सगळ्यांत जुनी आणि हमखास चालणारी चूक म्हणजे एक वाक्य न बोलणं. फक्त ती प्रेमापोटी झाली पाहिजे. बघणाऱ्याला राग यावा, पण त्या जिवाचा तिटकारा येऊ नये.

ओराझबेक शेजारीच होता. चित्रपट त्याचा, दिग्दर्शक तो, आणि घरी माझा नवरा. पोटावर हात दाबून बसला होता. दोन महिन्यांत नऊ किलो उतरला आहे. उद्या तपासणीचा निकाल.

१० ऑक्टोबर
तो आत कपडे घालत होता तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. स्वादुपिंड. यकृतापर्यंत पसरलं आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. तीन महिने, फार तर चार.

"त्यांना काय सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा," म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ओराझबेक कोटाची बटणं लावत बाहेर आला. "काय म्हणाला?"

"व्रण आहे. जठराला सूज. पथ्य पाळायचं."

कसलीही तयारी नव्हती. शब्द आपोआप आले, जागच्या जागी बसले. पटकथेत असते तर मी एकही बदलला नसता.

संध्याकाळी कुल्याश अपांना फोन केला. ओराझबेकची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. बराच वेळ रडल्या. मग एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सांगितलंस तर त्याच दिवशी मारशील त्याला. आमच्या वडिलांना आम्ही कुठे सांगितलं होतं? शेवटच्या आठवड्यात घोडा विकत घ्यायच्या गोष्टी करत होते. आनंदात गेले."

"आणि तोगझानला?"

"पाचव्या महिन्यात आहे पोरगी! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

तोगझान आमची एकुलती एक. नवऱ्याच्या नोकरीपायी कोरियात, बुसानला.

अपांचं चूक नाही. आपल्यात मेल्याची बातमीसुद्धा कुणी सरळ सांगत नाही. चार जाणती माणसं मिळून जातात, ससाण्याचा पंख मोडल्याचं काहीतरी बोलतात, ऐकणारा समजून घेतो. मग जिवंत माणसाला त्याच्याच मरणाची बातमी कोणत्या शब्दांत देतात? तसे शब्द मला कुणी शिकवलेले नाहीत.

१८ ऑक्टोबर
इंजेक्शनच्या बाटल्यांवरचे कागद कोमट पाण्यात भिजवून काढते. जीवनसत्त्वं आहेत म्हणून सांगितलं आहे.

"व्रणाला घोडीचं दूध चालतं का गं?"

"चालत नाही."

"मग असल्या व्रणाचा उपयोग काय?" म्हणाला आणि हात पुढे केला. सुई टोचेपर्यंत बाटलीकडे बघत होता.

२ नोव्हेंबर
आज कडाडून वाद झाला. ओराझबेकने बोताकानच्या चुकीचं सगळं दृश्य परत काढायला घेतलं आहे.

"ते सांगत का नाही?"

"सांगितलं तर चित्रपट दहा मिनिटांत संपेल."

"दहा मिनिटांचा होईल. पण तांडा वाचेल."

"तीस वर्षं असल्याच चुकांवर पिक्चर काढलेस. आता अक्कल आली?"

हसला. मग हसू मावळलं. "ती म्हातारी सांडणी आहे ना, पुढे चालणारी. तिला कुणी विचारलंय? चाळीस वर्षं त्याच वाटेने चालते आहे. वाऱ्याला पाण्याचा वास नाही हे तिला पिल्लाच्या आधी कळेल."

"मग ती का बोलत नाही?"

"पिल्लू एवढा जीव काढून खोटं बोलतंय. तिला वाटतं, आपण थोडं थांबावं. ते आपण होऊन सांगेल."

मी वहीत नोंदवून घेतलं: सांडणीला आधीपासून माहीत. मग खोडलं. कल्पना वाईट नाही, पण दोघंही गप्प राहिली तर बघणारा वैतागतो, आणि सात वर्षांच्या मुलाला इतकं आडवळण कळत नाही. तसं त्याला सांगितलं.

"नाही कळणार," तो म्हणाला. "सात वर्षांच्याचं सोड."

हल्ली फार लवकर माघार घेतो. औषधांमुळे असेल.

१४ नोव्हेंबर
नवी रेखाटनं भिंतीवर लागली. बोताकान खोटं बोलण्याआधी खालचा ओठ दाताखाली धरतं, समोरच्याच्या खांद्याकडे बघतं आणि मग गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलतं. अख्खा स्टुडिओ बघायला जमला.

"आगा, हे आणलंत कुठून?" सान्झारने ओराझबेकला विचारलं.

"घरातून."

सगळे चित्रकार आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून बघतात. याने केव्हा केली कोण जाणे, मला तर कधी दिसला नाही. पण काम उत्तम आहे. या वयात असं काम!

संध्याकाळी कुल्याश अपा आल्या होत्या. त्याच्याशी अर्धा तास हसून बोलल्या, मग मला स्वयंपाकघरात ओढलं. "ओठ चावायचं बंद कर. त्याला कळेल."

२३ नोव्हेंबर
बाप-लेकीचे फोन फार वाढले आहेत. पूर्वी महिन्यातून एकदा, तेही मी फोन हातात दिला तर. आता तो गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. बाळाचं नाव ठरवत असतील. आज काचेतून पाहिलं, तो नुसता ऐकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर उणे आठ होतं, गॅलरीत जाताना कोट तरी घालावा.

मग तोगझान माझ्याशी बोलली. "आई, तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचं? पथ्यामुळे पापा वाळलेत थोडे. बाकी झकास. काल चार तास उभ्याने काम केलं. भूकही लागते."

 मग म्हणाली, "मी येऊन जाऊ? डॉक्टरीणबाई म्हणतात, डिसेंबर संपेपर्यंत विमानात बसायला हरकत नाही."

"व्रणासाठी? एवढ्या लांबून, या अवस्थेत? तू दारात दिसलीस तर त्याला नाही नाही त्या शंका येतील."

"हो," ती म्हणाली. "दारात दिसले तर लगेच कळेलच."

समजूतदार आहे पोर. एका वाक्यात ऐकलं.

६ डिसेंबर
कच्चा चित्रपट शाळेतल्या चाळीस मुलांना दाखवला. रंग नाहीत, नुसत्या रेघा आणि आमचेच आवाज. बोताकान सांडणीसमोर उभं राहून म्हणतं, "पुढच्या मुक्कामाला भरपूर पाणी आहे, आजी." पोरांनी गोंधळ घातला. पहिल्या रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी उठून पडद्यावर ओरडली, "अरे ए, सांग ना तिला! मरतील ना सगळे!" मग सगळीच ओरडायला लागली. सांग ना, सांग ना.

सान्झारने माझा हात दाबला. मी वेळ टिपली, एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. असं व्हायला बत्तीस वर्षांत चारदाच पाहिलं आहे.

दिवे लागले तेव्हा ओराझबेक खुर्चीत नव्हता. बाहेर बाकावर बर्फ न झटकता बसला होता.

"ऐकलंस?" मी म्हटलं. "ती वेण्यांची पोरगी?"

"ऐकली ना. बरोबर बोलली."

"म्हणजे दृश्य जमलं."

माझ्याकडे खूप वेळ बघत राहिला. "हो रौशन," म्हणाला. "दृश्य जमलं."

१९ डिसेंबर
रात्रीचे कपडे त्याच्या अंगावर उशीच्या अभ्र्यासारखे दिसतात. डोळे पिवळे झाले आहेत. पिवळेपणा गोळ्यांमुळे असं मी सांगितलं. तो बरं म्हणाला.

आज सांगायचं ठरवलं होतं. अपांना न विचारता. कारण असं की आपल्यात जाणारा माणूस आपल्या माणसांना "माझ्यावर राजी राहा" म्हणतो, आणि ती त्याला तेच म्हणतात. एकमेकांचं जे काही उरलं असेल, बोललेलं, न बोललेलं, ते तिथे सुटतं. माझे वडील मला तसं म्हणून गेले. त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली आहेत. ओराझबेकला माहीतच नसेल तर तो म्हणणार कसं? आणि मीही त्याला म्हणू शकत नाही. व्रणवाल्याला असं कोण म्हणतं?

सकाळी स्वयंपाकघरात बसून ते वाक्य लिहून काढलं. तीन तऱ्हेने लिहिलं. पहिलं फार नाटकी. दुसरं डॉक्टरासारखं. तिसरं बरं होतं, पण शेवट पडत होता. मग म्हटलं, लिहायचं काय त्यात, जाऊन बोलायचं.

गेले. तो पलंगावर फळी घेऊन सांडणी काढत होता. मला दारात बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. फळी बाजूला सरकवली. दोन्ही हात पांघरुणावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्यालाच भेटायला लांबून आले होते.

"सूप घेशील?" मी म्हटलं.

त्याने फळी पुन्हा जवळ ओढली. मग पेन्सिल उचलली.

"घेईन."

तो इतका शांत दिसत होता. असा शांत माणूस कशाला मोडायचा? अपांचंच खरं.

२ जानेवारी
तोगझानला आता विमानात बसायची मनाई झाली. बरं झालं, येऊ का नको हा प्रश्नच मिटला. ओराझबेकला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे वळून झोपला. दुपारी जेवला नाही.

१५ जानेवारी
परवापासून दवाखान्यात. स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेला, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते आहे.

अपा नातेवाइकांना पाळीपाळीने पाठवतात. प्रत्येकाला बजावून ठेवलं आहे, इकडूनच चाललो होतो म्हणायचं. सेमेयचा चुलतभाऊ आला, बाराशे किलोमीटरवरून, इकडूनच चालला होता.

"हल्ली फार लोक इकडून चाललेत," ओराझबेक त्याला म्हणाला. "रस्ता मोठा करायला हवा."

चुलतभाऊ हसता हसता बाहेर पळाला. व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून रडत होता, सत्तर वर्षांचा माणूस.

आम्ही दोघंच राहिलो तेव्हा ओराझबेक म्हणाला, "रौशन, व्रणवाल्या माणसाने बायकोला राजी राहा म्हटलं, तर तिने मनावर घ्यावं का?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. मार्चमध्ये, नौरूझच्या सणाला, प्रदर्शन आहे. तुला पडद्यासमोर उभं राहायचंय. डॉक्टर म्हणाले, रक्त सुधारतंय. परवा घरीसुद्धा सोडतील."

"परवा."

"नाहीतर तेरवा."

"बरं," म्हणाला आणि माझा हात धरून ठेवला. माझ्या ओठाकडे बघत होता. ओठ फाटला आहे, थंडीने.

 सहज बोलला की शंका आली? सहजच असेल. शंका आली असती तर त्याने विचारलं असतं. इतक्या वर्षांत त्याने मला विचारायचं काही ठेवलं नाही.

२९ जानेवारी
काल सकाळी अकराला ओराझबेक गेला. मी बसमध्ये होते, त्याचे धुतलेले मोजे घेऊन.

५ फेब्रुवारी
सातवा दिवस झाला. घोडा कापला, दोनशे माणसं जेवली. मी कुणाला काय वाढलं, काही आठवत नाही.

मातीच्याच दिवशी सगळे बसले आणि ठरवलं, बाळंतपण होईपर्यंत तोगझानला कळू द्यायचं नाही. महिनाही उरला नाही. मग इथून चार वडीलधारी बुसानला जातील, रीतसर सांगतील. जावयाला मी कळवलं आहे, तो बरं म्हणाला.

ती रोज फोन करते. मी न्हाणीघरात जाते, नळ सोडते, म्हणजे मागची बायकांची रड ऐकू जात नाही. पापा झोपलेत. पापांना सुई दिली. पापांचा घसा बसलाय, बोलवत नाही. ती दरवेळी "बरं" म्हणते. काहीच उलटून विचारत नाही. इतक्या सहज फसेल असं वाटलं नव्हतं. लहानपणी किती चौकस होती.

सान्झार दारात येऊन म्हणाला, "अपा, घाई नाही, पण शेवटच्या भागाचे संवाद..." बिचाऱ्याने तेवढंच म्हटलं. मी म्हटलं, शुक्रवारी देते. आजवर एकही तारीख चुकवलेली नाही.

९ फेब्रुवारी
आज घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी तोगझानचा फोन. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला. "पापा आत्ताच झोपलेत. सकाळी दोन घास खाल्ले. रंगही जरा—"

"आई, तो नळ बंद कर."

मी बंद केला.

"पापा अठ्ठावीसला गेले," ती म्हणाली. "मला माहीत आहे. ते रोज सकाळी मला एक निरोप पाठवायचे. बर्फ पडतोय, नर्सने शिव्या दिल्या, असलं काहीतरी. अठ्ठावीसला आला नाही."

 माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "तुला काय माहीत की ते एवढे आजारी होते?"

"त्यांनी सांगितलं. नोव्हेंबरात."

"त्यांना कुठे ठाऊक होतं!"

"आई." आवाज अगदी थकलेला. "पहिल्या दिवशीच कळलं त्यांना. तू व्हरांड्यात 'व्रण' म्हणालीस तेव्हाच. चाळीस वर्षं माणसांची तोंडं काढत होते ते."

मी टबच्या काठावर बसले. म्हटलं, "मग तू आली का नाहीस? ठाऊक असून आली नाहीस?"

"तिकीट काढलं होतं. बावीस डिसेंबरचं. त्यांनी रद्द करायला लावलं. म्हणाले, तू दारात दिसलीस की रौशनला कळेल, मला ठाऊक आहे म्हणून. ती त्या खोट्याच्या आधाराने उभी आहे, काढून घेतलं तर पडेल. थोडं थांब, म्हणाले, ती सांगेल. तिने सांगितलं की दुसऱ्या दिवशी ये. मी बॅग भरून बसले होते, आई. एकोणतीस डिसेंबरपर्यंत. मग डॉक्टरीणबाईंनी बंदी घातली."

एकोणीस डिसेंबरला मी त्याच्या दारात उभी होते. ते तिला सांगितलं नाही.

मग मी विचारलं, "तुला राजी राहा म्हणाले का ते?"

"हो. खूपदा. मीही म्हटलं त्यांना. रडलोसुद्धा एकदा, तुमच्या गॅलरीत ते, इथे मी."

"आणि माझ्यासाठी? काही निरोप?"

 वाटलं, आता ही माझ्यासारखं करेल, काहीतरी रचेल. मनापासून वाटलं, रचावं. पण ती तिच्या बापावर गेली आहे.

"नाही," म्हणाली. "मी विचारलं होतं. म्हणाले, ते तिचं तिलाच म्हणेन. ती बोलेल तेव्हा."

मग तिला कळ आली म्हणून तिने फोन ठेवला. खरीच आली असेल.

दार उघडलं तर समोर कुल्याश अपा भिंतीला धरून उभ्या. दहा दिवस आल्यागेल्याचं बघताहेत, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. भाऊ गेल्यापासून नीट झोपलेल्या नाहीत.

"तोगझानचा होता ना? काय म्हणाली? तिला काही कळलं तर नाही?"

"नाही अपा," मी म्हटलं. "तिला काही ठाऊक नाही. जेवली, आराम करते आहे. बाळ छान हलतंय म्हणाली."

"देवाची कृपा," अपा म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.